आत्याची बांधी आणि माझं भाषण

कॉलेजातून मी दोन गोष्टी घेऊन कोंढ्याला परतलो: बी.ए.ची पदवी आणि वादविवाद स्पर्धेची ढाल. पदवीचा कोणाला उपयोग झाला नाही, माझ्यासकट. ढालीनं मात्र डोकं पार बिघडवलं. समोरच्यानं तोंड उघडलं रे उघडलं की माझं उत्तर तयार. तो काय म्हणतो ते ऐकण्यात वेळ कशाला घालवायचा?

तेव्हा बुटक्या धानाचं नवं बियाणं नुकतंच आलं होतं. आमच्या विधवा आत्याची एकच बांधी होती, बांध घातलेला धानाचा तुकडा, तलावाच्या सांडव्याखाली. तिचा वर्षाचा तांदूळ त्यातलाच. तिची शेती मी पाहायचो, म्हणजे बांधावर उभा राहून बोलायचो. आमच्या वरच्या बांध्यांसारखं तिथंही नवं बियाणं टाकायचं मी ठरवलं, तेव्हा अंगणात चार माणसांदेखत आत्या काहीतरी म्हणाली. त्यातलं 'नवं' आणि 'नको' एवढंच माझ्या कानावर पडलं आणि आमचा घोडा सुटला. मी अडाणीपणावर बोललो, अंधश्रद्धेवर बोललो, उपाशी देशावर बोललो. आत्यानं दोनदा हात वर केला, मी दोनदा आवाज वर केला. जमलेल्यांनी माना डोलावल्या. तिचं त्यांनीही ऐकलं नव्हतं म्हणा. आत्या उठून पाण्याला गेली आणि मी जिंकलो!

रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, उरकला आणि झड लागली. आठ दिवस सांडवा वाहत राहिला. आमच्या वरच्या बांध्यांत बुटका धान झकास उभा होता, बियाणं खरंच चांगलं होतं. आत्याच्या बांधीतली रोपं मात्र गुडघाभर पाण्याखाली कुजली. शेजारच्या बांधीतला जुना उंच धान शेंडे वर काढून तगला.

बांधावर पोचताच मी सुरू झालो, की असा पाऊस दरसाल थोडाच येतो, आणि सांडव्याची देखभाल कोणी करायची वगैरे. आत्यानं थांबवलं. रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला माझ्याकडे उत्तर होतं.

"धान गेला, जाऊ दे. त्या दिवशी मी काय म्हणत होती, तेवढं सांग मले."

माझ्या भाषणातलं वाक्य न् वाक्य मला पाठ होतं. तिचं एकही आठवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तिनंच सांगितलं.

"नवं तुमच्या वरच्या बांधीत टाक म्हटलं होतं. इथं पाणी साचते, बुटका धान बुडते."

एवढंच बोलायचं होतं तिला. दिवाळीनंतर ती विळा घेऊन दुसऱ्याच्या बांधीत मजुरीनं धान कापायला गेली, जन्मात पहिल्यांदा.