काल घरात काय काय आलं?

शेवगावच्या पुढे एक वस्ती आहे. तिथे सकाळची बस द्यायची की नाही, हे माझ्या अंदाजावर ठरणार होतं. उद्या किती माणसं प्रवास करतील ते आज सांगणं, हाच आमच्या कचेरीचा उद्योग.

साहेबांना सोपी रीत पसंत होती. वस्तीवर आधीच जाणाऱ्या दुपारच्या बसची तिकिटं मोजायची आणि दरवर्षी थोडी वाढ धरायची. त्या दुपारच्या बसमध्ये मी स्वतः बसून आले होते. ड्रायव्हर, कंडक्टर, मी आणि एक कोंबडी. कितीही वाढ धरली तरी फार तर दोन कोंबड्या!

मी हट्ट धरला, घरोघरी विचारू. साहेब म्हणाले, "दोन दिवस देतो. नाही जमलं तर माझी रीत."

पहिल्या दिवशी दारोदार एकच प्रश्न केला, "काल कुठं कुठं गेलात?" बायांचं एकच उत्तर, "कुठं न्हाई." माझ्या कागदावर नुसती शून्यं. वस्तीची बस माझ्याच हातून बुडत होती.

शेवटच्या घरी ओट्यावर एक मावशी बसल्या होत्या. त्याही "कुठं न्हाई" म्हणाल्या. पण हातभर कोऱ्या बांगड्या, शेजारी किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेली नवी बादली.

"मावशी, बांगड्या कुठं भरल्या?"

"शेवगावला. काल."

"अहो, मग आत्ता कुठं नाही म्हणालात!"

"आगं बाई, टेम्पोत उभं ऱ्हायचं, बाजार करायचा, माघारी यायचं. ह्येला का जानं म्हनत्यात? जानं म्हंजी म्हायेराला! तुजं लगीन झालंय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी प्रश्नच बदलला. "काल घरात काय काय आलं?" मग काय विचारता! खताची गोणी, डोळ्यांचं औषध, सुनेचा दाखला, पायलीभर गप्पा. एकेका वस्तूमागे शेवगावची एकेक खेप, आणि सगळ्या टेम्पोतून.

कचेरीत मी पदर खोचला, कागदाची टोपली डोक्यावर घेतली आणि टेम्पोला लोंबकळणारी मावशी करून दाखवली.

"हे सर्वेक्षण आहे की किराण्याची यादी?" साहेब हसत सुटले. मग कागद चाळता चाळता थांबले. "टेम्पोतली माणसं तिकिटांत दिसणारच नाहीत की!" आणि सही केली.

पहिल्या सकाळच्या बसला मी मुद्दाम गेले. खिडकीशी मावशी, मांडीवर दोन रिकाम्या पिशव्या.

"मावशी, कुठं निघालात?"

"कुठं न्हाई," म्हणाल्या आणि कंडक्टरकडे वळल्या, "एक शेवगाव दे रं."