आत्याच्या घराची मागली भिंत

आमच्या गावात पाहुणा आला की एका गोष्टीला हमखास हसतो. नव्या गावातली दारं चांगली उंच आहेत, सिमेंटची चौकट, उंटावर बसून आत गेलात तरी चालेल. पण आम्ही सगळे आत शिरताना मान खाली घालून, वाकून शिरतो. जुन्या गावातली दारं बुटकी होती, वाकलं नाही तर कपाळमोक्ष ठरलेला. ते गाव भूकंपात गेलं त्याला तीस वर्षं उलटून गेली, पण वाकणं काही गेलं नाही. बरं, आमचं सोडा. माझी पोरगी नव्या गावात जन्मली, जुन्या गावाचा एकही उंबरा तिनं ओलांडलेला नाही, तीही वाकूनच येते. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, सरळ ये की! डोक्यावर काय हंडा हाय का?" तर ती दारात थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "लागंल की, बाबा." काय लागंल, ते तिलाही सांगता येईना.

माकणीच्या धरणाकडनं यायला लागलं की रस्त्यात आधी जुनं गाव लागतं, म्हणजे आता नुसत्या वेड्या बाभळी आणि त्यांतनं डोकावणारे दगड. तिथनं पुढं दोन-अडीच किलोमीटरवर आमचं नवं गाव. सरळ रांगा, रुंद रस्ते, प्रत्येक घराला नंबर. लांबलांबच्या लोकांनी येऊन बांधून दिलं, नावं ठेवायची सोय नाही. पण इतकं मोकळं, की वारा सुटला तर त्याला अडवायला काही नाही. आणि माणसं अजून जुन्या गावातच राहत असल्यागत बोलतात. "जरा वरल्या आळीला जाऊन येतो," म्हणून म्हातारा उठतो. अहो, सगळी जमीन सपाट, वरली आळी आणली कुठनं? पण तो जातो, आणि ज्याला भेटायचं त्याला बरोबर भेटून येतो.

वर्षातनं एखाद-दोनदा जमिनीतनं आवाज येतो. लांब कुठंतरी सुरुंग उडाल्यासारखा, पण पायाखालनं. भांडी किणकिणतात, कुत्री गप होतात. मग सगळं गाव अंगणात येऊन उभं राहतं. कुणी ओरडत नाही, कुणी पळत नाही. बायका ओठ हलवत घरातली माणसं मोजतात. मोजून झाली की आत जाऊन राहिलेल्या भाकरी थापायला लागतात. भूकंप हा शब्द कुणी तोंडातनं काढत नाही, नुसतं 'ते' म्हणतात. लग्न होऊन आल्यावर माझ्या बायकोनं हे पहिल्यांदा बघितलं, तेव्हा ती कोपऱ्यात जाऊन रडली. "कुठं येऊन पडले गं बाई," म्हणाली. आता तीही मोजते.

अशा या गावात माझे वडील, आबा, भिंती वाजवत हिंडतात. दुपारची जेवणं झाली, गाव आडवं झालं, की हे निघतात. बोटाच्या पेरांनी भिंतीवर दोनदा टकटक करायची, कान लावायचा, चार पावलं पुढं जायचं, पुन्हा टकटक. आतल्या माणसांना सवय झालीय, कुणी दार उघडत नाही. नव्या सुना मात्र उघडतात. बाहेर टळटळीत ऊन, रस्ता ओस, आणि दारात कुणी नाही. एक सून तर त्या धसक्यानं आठ दिवस तापली होती. मी आबांना किती बोललो असेन. "आबा, ह्या काँक्रीटच्या भिंती हायेत, ह्यातनं काय ऐकू येतंय तुमाला?" ते म्हणायचे, "काय न्हाय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचे.

आबा गवंडी. मीही गवंडी, पण मी सळई-सिमेंटचा, ते दगड-मातीचे. जुन्या गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. दोन-दोन हात रुंद भिंत, वर मातीचा जाड थर टाकलेलं माळवद. उन्हाळ्यात आत शिरलं की जीव थंड व्हायचा. तशी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक बाहेरच्या तोंडाची, एक आतल्या, आणि मधे माती आणि दगडाच्या चिपा. त्या दोघींना धरून ठेवायला मधेमधे एक लांब दगड आरपार घालायचा असतो. आबांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. पण लांब दगड फोडून आणायला वेळ लागतो, आणि घरमालकाला पावसाच्या आत छप्पर हवं असतं. मग कुठं घातला, कुठं राहिला. आबा स्वतः मात्र शेतात कुडाच्या छपरात राहायचे. दगडाचं घर बांधायला सवड झाली नाही, म्हणूनच आम्ही वाचलो.

आबांची थोरली बहीण, त्यांची आक्का, माझी आत्या, गावातच दिलेली. तिच्या घराची मागली भिंत आबांनी बांधली होती. गणपती बोळवले त्या दिवशी मला ताप भरला होता, मी सहा-सात वर्षांचा असेन. आत्या माझ्या उशाशी बसायला आली आणि आमच्या छपरातच राहिली. पहाटे 'ते' झालं. तिचा नवरा आणि दोन्ही पोरी मागल्या भिंतीला लागून निजले होते. भिंत त्यांच्यावर आली.

पुढं नवी घरं बांधायची ठरली तेव्हा सगळ्या गवंड्यांना मांडवात बसवून एका साहेबांनी समजावलं, की तुमच्या भिंती फाकून पडल्या, कारण दोन तोंडांना जोडणारा दगड त्यांत नव्हता. बाकीचे माना डोलवत होते. आबा उठले आणि मांडवाच्या मागं जाऊन ओकले. तेव्हापासनं त्यांना एकच गोष्ट हवी होती, आक्काच्या मागल्या भिंतीत आपण लांब दगड घातले होते का नाही. त्यांना आठवत नव्हतं. कित्येकदा सगळं आठवायचं, माती कुणी मळली, ओळंबा कुणी धरला, दुपारी भाकरीबरोबर कोरड्यास काय होतं, आणि नेमकं तेवढंच नाही. जाऊन बघायचं म्हटलं तर पाय उचलत नव्हते. आणि आत्याला विचारायची छाती नव्हती.

आत्या राहते आमच्या शेजारच्याच घरात. एकटी. रोज संध्याकाळी आबांना तिच्याकडची भाकरी. चुकवलेली चालायची नाही, आईच्या हाताखालनं ताट उचलून न्यायची. त्या भिंतीबद्दल तिनं इतक्या वर्षांत एक अक्षर काढलं नाही. बोलायची सगळ्या जगाबद्दल, माझ्या बायकोच्या कालवणाला तर रोज नावं ठेवायची, पण ते नाही. मला लहानपणी त्या दोघांच्या जेवणाची भीती वाटायची. एक वाढतंय, एक खातंय, आणि दोघांच्या मधे कुणीतरी बसलंय असं वाटायचं.

यंदा चैत्रात पुन्हा आवाज आला. सगळे अंगणात आलो. मोजून झालं, बायका आत गेल्या, आबा तिथंच उभे. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस. मला म्हणाले, "गाडी काढ. आक्काची भिंत बघायची हाय. आता न्हाय बघितली तर तसाच जातोय मी." "उन्हं उतरू द्या की," म्हटलं. तर म्हणाले, "उन्हं उतरली तर मी बी उतरंन." मोटरसायकल काढली.

भर बाराच्या उन्हात आम्ही जुन्या गावात शिरलो. मी इथं आधी आलो नव्हतो असं नाही, शेरडं हुडकायला येतो कधीमधी, पण आत असा गेलो नव्हतो. बाभळीत पाखरू नव्हतं. कुठं नुसती चौकट उभी, मागं घर नाही. कुठं भिंतीचा कमरेएवढा तुकडा, त्यात कोनाडा, आणि कोनाड्यात दिव्याची काजळी अजून तशीच. आबा पुढं चालत होते. वाट कुठंच नव्हती, पण ते वळणं घेत होते. एका जागी त्यांनी पाय उंच उचलून टाकला, मी बघितलं, खाली काहीच नव्हतं. मागनं मीही तसाच पाय उचलला. का उचलला, देव जाणे.

"हे आक्काचं," आबा म्हणाले आणि थांबले.

आजूबाजूच्या प्रत्येक घराचे दगड तिथंच पडलेले होते, ढीगच्या ढीग, त्यांतनं झाडं उगवलेली. आत्याच्या घराच्या तीन भिंतींचेही होते. मागल्या भिंतीचा मात्र एकही दगड नव्हता. पायासुद्धा नव्हता, नुसता चर, आणि तो मातीनं बुजवलेला. बाभळीचं एक रोप नाही, वाळलेलं पान नाही. त्या जागेवर केरसुणी फिरवल्याच्या रेघा होत्या. ताज्या.

मी म्हटलं, "आबा, चला."

ते हलले नाहीत. चराच्या कडेला बसले, वाकले, आणि जमिनीवर बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवलं. मग कान लावला. बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं, गेले की काय. मी हात धरून उठवलं तर म्हणाले, "कुणी नेली रं भिंत? कुणाला लागत व्हती?" खरंच होतं ते. त्या गावाचा दगड कुणी घराला लावत नाही. फुकट दिला तरी कुणी गाडीत घालत नाही. येताना गाडीवर ते माझ्या पाठीला इतके घट्ट धरून बसले होते, की त्यांचं काळीज मला माझ्या पाठीत लागत होतं.

घरी येऊन ते पाणीसुद्धा प्याले नाहीत. दिवस मावळताना आत्यानं हाक मारली तसे उठले आणि तिच्याकडं गेले. मी मागोमाग. आत्या अंगणातल्या पत्र्याखाली चुलीपुढं बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई, पण हात अजून झरझर चालतो. आबा ताटावर बसले नाहीत.

"आक्का, जुन्या गावाला गेलतो."

तिनं भाकरी उलटली. "उन्हाचं? मरायचं हाय का?"

"तुझी मागली भिंत न्हाय तिथं."

"न्हाय."

"कुणी नेली?"

"मी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. आत्या चुलीकडं बघतच सांगत राहिली. नव्या गावात आल्या आल्या पहिल्या वर्षी ती जायला लागली. सरपणाला जाते म्हणायची, नंतर दवाखान्याला जाते म्हणायला लागली. रोज थोडे थोडे दगड पाटीत घालून नेले आणि जुन्या आडात टाकले. आड भरत आला तेव्हा भिंत संपली. त्याला किती वर्षं लागली ते तिनं मोजलं नव्हतं. आता दगड नाहीत, तरी अमावस्येला जाऊन झाडून येते. पोरी निजल्या त्या जागेवर काटं नकोत म्हणून.

"पण भिंत का काढलीस?" आबांनी विचारलं.

"तू एक ना एक दिवस बघायला जाणार, ठाऊक व्हतं मला. बघितलं असतंस तर जगला नसतास."

आबांचा तेव्हाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही. "म्हंजी न्हवते त्यात लांब दगड?"

आत्यानं पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं. "न्हवते. एकबी न्हवता. पहिल्याच दिवशी बघितलं म्या."

मला तिथनं उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. आबा म्हणाले, "ठाऊक असून रोज जेवू घातलंस मला? शिव्या का दिल्या न्हाईस, आक्का? थोबाडीत का मारली न्हाईस? म्या वाट बघत व्हतो गं."

"राग आला न्हाय व्हय मला?" आत्याचा आवाज चढला. "लई आला. भाकरी थापताना यायचा, तुझ्या ताटात वाढताना यायचा. पण राग धरायला एक माणूस लागतंय आन बोलायला एक लागतंय. माझं तर तू एकटाच उरला व्हतास. दुसरं माणूस आणू कुठनं मी?"

आबा मटकन खाली बसले आणि लहान लेकरागत हुंदके देऊन रडायला लागले. आत्यानं तव्याकडं बघितलं. "करपली बघ तुझ्या पायी," म्हणाली, आणि ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात टाकून त्यांच्यासाठी दुसरी थापायला घेतली.