पोलादपूरच्या डोंगरावरची शपथ

दासगावच्या धक्क्याला मचवा (शिडाची होडी) लागला तेव्हा मी गात होतो. मुंबईहून निघताना मंडळाने मला देशगीतांची वही दिली होती आणि गावोगाव स्वदेशीची शपथ द्यायला सांगितले होते. शपथ देवळातल्या कलशात हात बुडवून घ्यायची, ही कल्पना माझी. गाण्याने माणसे जवळ येतील, देवाच्या नावाने बांधली जातील, असे मला मनापासून वाटे.

महाडात बैलगाडी चवदार तळ्याजवळून गेली. सत्याग्रहाला तेव्हा तीन वर्षे लोटली होती. गाडीवानाने तिकडे पाहिले नाही. मीही काही विचारले नाही.

पोलादपूरपुढे चढण लागली. वाडीवर पोचेपर्यंत धुळीने माझा घसा बसला. पाटलांनी नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले वाढले, गरम पाणी पाजले. पण आवाज फुटेना. लोक तर देवळापुढे जमलेले. इतक्यात लांब बसलेल्या एकाने माझ्या वहीतलेच गीत उचलले. तो धोंडू महार. आजारपणामुळे मुंबईच्या गिरणीतून परतलेला. गीते तिकडच्या मिरवणुकांत शिकला होता. आपण सारी एका आईची लेकरे, असे ते गीत. सारी वाडी त्याच्यामागे गाऊ लागली.

गाडीवान म्हणाला, "गुरुजी, तुमचा घसा बसला ता बरा झाला." सगळे हसले, धोंडूही हसला.

मग कलश आला. एकेक जण हात बुडवून जाऊ लागला. धोंडू उठला, त्याने बाही वर सारली. पाटील माझ्याकडे बघू लागले. त्याला पुढे घेतले असते तर वाडी उठून गेली असती. कलश बाजूला ठेवा, सगळेच हात जोडू, एवढेच मी म्हणायला हवे होते.

मी म्हणालो, "धोंडबा, तुम्ही तिथूनच हात जोडा. देवाला पोचतं."

तो थबकला. "गुरुजी, मगाशी तुमचं गानं माज्या तोंडातनं निघालं. ते इटाळलं नाय?"

"मी देशासाठी सांगतोय."

"मी पन देशासाठीच उठलो होतो," तो म्हणाला आणि आपली माणसे घेऊन उतार उतरून गेला. कोणी हाक मारली नाही. उरलेल्यांची शपथ पार पडली.

मुंबईस परतल्यावर मी अहवालात लिहिले, 'वाडीने एकमुखाने शपथ घेतली.' मंडळी खूश झाली. त्यांनी तेच गीत म्हणायचा आग्रह केला. मला वाटले, 'एका आईची लेकरे' ही ओळ आता घशात अडकेल.

अडकली नाही.