फळ्यावरचं द्रौपदीचं नाव

आमच्या नाक्यावरच्या फळ्यावर नाव आलं, की माणूस एक तर पास झालेला असतो, नाही तर गेलेला. घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेला हा फळा नवतरुण मित्र मंडळाचा. त्यातले नवतरुण आता गुडघ्यांना तेल चोळत बसतात, पण फळा टिकून आहे. 'हार्दिक अभिनंदन', 'उद्या पाणी उशिरा येईल', 'भावपूर्ण श्रद्धांजली', सगळं त्याच्यावरच. आणि लिहिणारा हात एकच, सहदेवकाकांचा. माझी पिठाची गिरणी बरोबर समोर, त्यामुळे खडूचा पहिला आवाज रोज मीच ऐकते.

काका मूळचे सावंतवाडीकडचे. कापडाची गिरणी बंद पडली आणि ते अंधेरीला एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन झाले. पहिल्याच आठवड्यात एक टायवाला लांबून ओरडला, "होल्ड द लिफ्ट!" इंग्रजीत दोनदा गटांगळी खाल्लेल्या काकांना 'होल्ड' म्हणजे धरणे, एवढंच ठाऊक, थांबवणे नव्हे. त्यांनी लिफ्टचं दार दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि टायवाला आत आल्यावरही तसेच उभे राहिले. अख्खं ऑफिस आठवडाभर हसलं. काकांनी फूटपाथवरून डिक्शनरी आणली, त्या एका शब्दाचे ढीगभर अर्थ बघितले आणि त्यांचं टाळकंच सरकलं. ही शुद्ध फसवणूक आहे, असं त्यांचं मत झालं. ते आजही तसंच आहे.

रिटायर झाल्यावर त्यांनी फळ्यावर रोजचा शब्द सुरू केला. एक इंग्रजी शब्द, त्याचे दोन-तीन अर्थ, प्रत्येक अर्थाला एक वाक्य. वाक्य इंग्रजी, पण त्यातलं नाव मराठी अक्षरांत, आणि तेही वाडीतल्याच कुणाचं तरी. राम-सीता लिहिले तर कोण थांबणार वाचायला? 'ब्रेक' शब्दाला 'नंदू ब्रेक्स अ कोकोनट' आणि 'नंदू टेक्स अ ब्रेक' अशी वाक्यं आली, तेव्हा वडापाववाला नंदू गिऱ्हाइकांना हाताला धरून फळ्यापाशी नेत होता.

सगळ्यात जास्त नाव यायचं ते त्यांच्या बायकोचं, द्रौपदीकाकूंचं. काकूंना ते अजिबात खपायचं नाही. त्यांनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, आणि हा बाबा त्यांचं नाव नाक्यावर टांगणार! "माजा नाव चवाट्यार कित्याक लिवतास हो तुमी? माका लाज नाय?" असं भांडण मी माझ्या कानांनी ऐकलंय. मग काकूंनी आपला उपाय काढला. सकाळी दूध घेऊन परत येताना त्या फळ्यापाशी थांबायच्या, दुधाच्या थंड पिशवीवरचं पाणी पदराच्या टोकाला लावायच्या आणि आपलं नाव तेवढं पुसून टाकायच्या. बाकी वाक्य जागच्या जागी. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचे. वर्षानुवर्षं दोघांचा हा संसार मी समोरून बघितला, आणि खरं सांगते, मला हेवा वाटायचा.

पुढे काकू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग वार, मग पोटचा मुलगा सुबोध. नाव पुसायला मात्र विसरल्या नाहीत.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी शब्द होता 'टर्न'. दूध नासलं, रांगेत माझी पाळी आली, अशी दोन वाक्यं होती आणि तिसरं होतं, 'द्रौपदी टर्न्स लेफ्ट अ‍ॅट द नाका.' काकू माझ्याकडे आल्या, घावन्यांसाठी तांदळाचा डबा ठेवला आणि "बाजारातसून येतंय गे," म्हणाल्या. बाजार उजवीकडे. त्या डावीकडे वळल्या, हमरस्त्याच्या बाजूला. मी हाक मारली, पण गिरणी सुरू होती, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पट्टा बंद करून बाहेर धावले तोवर काकू दिसेनाशा झाल्या होत्या.

थोड्या वेळाने काका चहाला आले. अजून कुणाला काही कळलं नव्हतं. फळ्याकडे बघून ते हसले. "आज पुसल्यान नाय बघ. राग गेलो वाटता तिचो."

पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली. ट्रॉम्बेपासून मनोरीपर्यंत सुबोधने फोटो चिकटवले. काकू मिळाल्या नाहीत, जिवंतही नाहीत आणि मेलेल्याही नाहीत.

वर्षभराने काकांनी पुन्हा खडू हातात घेतला. बायकोचं नाव त्यांनी वगळलं, बाकीची चालू ठेवली. 'रन' शब्दाला 'काशीराम रन्स आफ्टर द बस' लिहिलं आणि त्याच आठवड्यात काशीराम बसमागे धावता धावता स्टॉपवर छाती धरून बसला, तो उठलाच नाही. त्याची श्रद्धांजली काकांनीच लिहिली. नंतर 'फॉल' आला. 'धाकू फॉल्स अस्लीप.' धाकूआजोबा दुपारी जेवून आडवे झाले, आणि चहाला उठवायला गेलेली सून किंचाळत बाहेर आली.

मग वाडीची तंतरली. नंदूने तर रस्त्यात काकांचे हात धरले. "काका, माझं नाव नका ना लिहू यार. पोरं लहान आहेत." बायका मुलांना फळ्यासमोरून नेताना त्यांचे डोळे झाकायला लागल्या. आम्ही विहारात जाणारी माणसं, आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. मी सगळ्यांना झापलं. म्हातारी माणसं आहेत, जाणारच, योगायोग कळतो का तुम्हाला? पण त्यानंतर रोज सकाळी शटर वर केलं, की मीसुद्धा आधी फळ्यावर माझं नाव नाही ना, ते बघायची.

काकांनी नावं बंद केली. 'ही' आणि 'शी' वर भागवायला लागले. एकदा दळण न्यायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "अक्षता, डावीकडे मीच धाडलंय गो तिका." मी म्हटलं, "काका, वेड्यासारखं बोलू नका." त्यांनी दळणाचा डबा दोन्ही हातांनी उचलला. त्या दिवशी मला त्यांच्या हातांची भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला.

या वर्षी सुबोध अडून बसला. भटजींनी त्याला सांगितलं होतं, की हरवलेल्या माणसाचं कार्य करता येतं, दर्भाची बाहुली करून अग्नी देतात. माझ्या गिरणीसमोरच बापलेकांची जुंपली.

"बाबा, किती वर्षं दाराला कडी न लावता झोपणार आपण? आईला सोडा आता. उद्या सकाळी फळ्यावर तिची श्रद्धांजली लिहा. तुमच्या हाताने."

काकांनी उजव्या हाताच्या बोटांवरचा खडू झटकला. त्यांच्या लेखी तो हात काय करतो, हे सुबोधला ठाऊक नव्हतं, मला होतं. ते लिहितील तर ती मेली. शेवटी ते म्हणाले, "उद्या तिचा नाव लिवतंय. वाक्यात. ती पुसूक इली नाय, तर सांजेक श्रद्धांजली लिवतंय. मगे तुज्या बाहुलीक अग्नी दे."

"आणि वाक्याने काही झालं म्हणजे?" माझ्या तोंडून निघून गेलं. सुबोधने माझ्याकडे रागाने बघितलं. काका म्हणाले, "झाला तर झाला. पण खंय आसा ता तरी कळात."

सकाळी शब्द आला 'लाइट'. बॅग हलकी आहे, खोलीत उजेड आहे, ही दोन वाक्यं त्यांनी भरभर लिहिली. तिसऱ्यासाठी त्यांनी नवा खडू काढला. 'द्रौपदी लाइट्स द लॅम्प.' खडू खाली ठेवून ते माझ्या बाकावर येऊन बसले. शेजारी सुबोध, हाताची घडी घालून. माझ्यासमोर गहू होता, पण अर्धं लक्ष फळ्याकडे. मनात म्हणत होते, कुणीतरी पुसा रे, कुणीही पुसा.

नाक्यावरून भाजीची गाडी गेली. ती फळ्यासमोर आली, म्हणून तेवढा वेळ फळा दिसला नाही. गाडी पुढे सरकली आणि काका उभे राहिले.

नाव नव्हतं. बाकी वाक्य जागच्या जागी.

सुबोध धावत गेला. पुसलेली जागा ओली होती आणि बोट लावलं तर गार. भाजीवाला बिचारा दोन्ही हातांनी गाडी ढकलत होता, त्याला विचारून काही उपयोग नव्हता. सुबोध वळला आणि त्याने माझे हात बघितले. कोपरापर्यंत पीठ. मी पुसलं असतं तर पांढरे पट्टे उठले असते, आणि तिथे तर काळाभोर फळा. त्याचा चेहरा पडला. तो तिथेच, नाक्यावर, लहान पोरासारखा रडला.

काका मात्र शांत होते. ते माझ्याकडे आले. "तिचो डबो खंय आसा?"

डबा फळीवरच होता, वर काकूंच्या नावाची चिठ्ठी. तो फेकायचा मला कधी धीर झाला नव्हता. आतल्या तांदळात पोरकिडे झाले होते, ते मी टाकून दिले. डबा घासला आणि माझ्या घरचे तांदूळ घातले.

"दळून ठेव," काका म्हणाले. "इचारतली ती."

मी दळलं. बारीक, काकूंना लागायचं तसं. डबा झाकण लावून गल्ल्याजवळ ठेवला, संध्याकाळी शटर ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली घरी नेली. मला त्या रात्री बरं वाटलं होतं. म्हाताऱ्याच्या समजुतीसाठी थोडे तांदूळ गेले, काय मोठंसं!

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर पोचले, तर काका काकूंच्या नावाचं नवं वाक्य लिहून मोकळे झाले होते आणि सुबोध फळ्यासमोर उभा होता. नाव पुसलेलं होतं. या वेळी त्या जागेवर पिठाचा पांढरा पट्टा होता, चार बोटांचा, आणि त्याला ताज्या दळलेल्या तांदळाचा वास येत होता. सुबोधने माझ्याकडे बघितलं आणि तो हसला, ओळखलं म्हणून, आभार मानल्यासारखा.

"ताई, कालही तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते त्याला? किल्ली माझ्या मुठीत होती, आणि शटर अजून उघडायचं होतं.