प्लेस तरी दी रे म्हाराजा

आमच्या खानावळवाल्या मावशीच्या भावाइतका न कळलेला माणूस मला उभ्या जन्मात भेटला नाही, आणि त्याच्याइतके उपकारही माझ्यावर दुसऱ्या कुणी केले नाहीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते मला अजून उलगडलेलं नाही. मी मूळचा माणदेशचा. सातवी अर्धी टाकून, ओळखीच्या ओळखीने मालवणला बंदराच्या कचेरीत हंगामी शिपाई म्हणून आलो, ती पन्नास सालानंतरची वर्षं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथे, मालवणी पहिल्यांदा ऐकली तीही तिथेच. "खंय गेल्लंस?" म्हणजे कुठे गेला होतास, असं कुणी विचारलं की मी आधी घाबरायचो आणि मग "नाही" म्हणायचो. त्यात मावशीकडे जेवायला बसलो, तर शेजारच्या पाटावर तिचा हा भाऊ, सगळ्यांचे मामा. त्यांचं बोलणं मालवणच्या माणसांनाही कळत नव्हतं, तिथे माझी काय कथा!

मामा मुंबईला रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात वीस वर्षं मोतद्दार होते. गुडघ्यावर लाथ बसली म्हणून गावी परतले, ते पैजेच्या दुनियेतली सगळी भाषा बरोबर घेऊन. मालवणात घोडा औषधालाही नव्हता. मग ती भाषा त्यांनी माणसांना, माशांना आणि वाऱ्यापावसाला लावली. ताटात बांगडा आला की "फेव्हरिट इलो", सुका जवळा आला की "आज सगळे औटसायडर". मावशी म्हणायची, "दादा, गप जेव बघू." शेजारच्या मुलाच्या सोयरिकीची चौकशी करायला देवगडहून पाहुणे आले, तेव्हा मामांनी मनापासून शिफारस केली, "झिल बरो आसा. विनला नाय, पण प्लेसला डोळे मिटून लावा. शेवटच्या वळणार मात्र दम सोडता." विन म्हणजे पहिला नंबर आणि प्लेस म्हणजे पहिल्या तिनांत, हे मलाही पुढे कळलं. पाहुण्यांना यातलं एक अक्षर कळलं नाही, पण चहा तसाच ठेवून ते उठले. तो मुलगा पुढे कित्येक महिने मामा दिसले की गल्ली बदलायचा.

नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढवतात. एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा, ज्याचा फुटेल त्याचा गेला. मामा उकिडवे बसून प्रत्येक नारळ बोटाने वाजवत आणि भाव जाहीर करत, "ह्यो दोनास एक, ह्यो धास एक!" पोरं म्हणायची, "मामा, तूय लाव मरे एक नारळ!" की मामा समुद्राकडे बघायला लागत. त्यांच्या हातात स्वतःचा नारळ मी कधी पाहिला नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तेव्हा सगळंच सारखं वाटत होतं.

मला पाहताक्षणी त्यांनी "पक्को औटसायडर" म्हटलं होतं. मी दोन दिवस जेवलो नाही. मग त्यांनीच समजावलं, "मेल्या, रडतंस कित्याक? ज्या घोड्यार सगळे पैसो लावतत, तो फेव्हरिट. ज्याच्यार कोण लावणा नाय, तो औटसायडर. तो जिंकलो तर बघूक मजा येता." म्हणजे हे कौतुक की काय, ते काही कळलं नाही.

कचेरीतल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की मार्चात बाहेरून बसून सातवीची फायनल पास झालास तर कायम करतो, नाहीतर पावसाआधी गावाकडे. गावाकडे आई आणि दोन बहिणी माझ्या मनीऑर्डरवर होत्या. मला रात्री धाप लागायची. मामांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला पहाटे पुळणीवर पळवायला सुरुवात केली. पळता पळता पाढे म्हणायचे, मग नद्या, मग व्यस्त त्रैराशिकाचे नियम. मागून मामा एक पाय ओढत ओरडत, "वळणार दम धर! चाबूक आताच काढू नको!" हातात तबेल्यातलं जुनं घड्याळ. ते कधीच बंद पडलेलं होतं, पण मामा रोज त्यात बघून म्हणत, "कालच्यापेक्षा बरो." रापणीचं जाळं ओढणारे लोक दोर हातात धरून आमच्याकडे बघत राहायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मामा मला देवळात घेऊन गेले आणि गाऱ्हाणं घालायला स्वतःच उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! ह्यो घाटावयलो घोडो पयल्यांदाच ट्रॅकार उतरतासा. जॉकी नाय, ट्रेनर लंगडो. तेका स्टार्ट बरो मिळांदे. विन नको, पण प्लेस तरी दी रे म्हाराजा!"

गुरव "व्हय म्हाराजा" म्हणायचं सोडून हळूच विचारतो, "मामानु, प्लेस म्हणजे काय ता?"

"देवाक कळतां. तू व्हय म्हण!"

"व्हय म्हाराजा!"

मग कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. दोन्ही पाकळ्या अर्धा तास तशाच. मामा पुटपुटले, "फोटो फिनिश." शेवटी त्यांनी मला बाहेर पाठवलं आणि गाभाऱ्यापाशी एकटेच वाकून काहीतरी बोलले. बाहेर आले तेव्हा फक्त म्हणाले, "पडली. उजवी."

मी पास झालो. जेमतेम, पण झालो. कागद घेऊन धावत खानावळीत आलो. आता मामा काय म्हणतील, याची तालीम मी वाटेतच करत होतो. मामांनी कागद दोनदा वाचला, डोळे पुसले आणि म्हणाले, "बरां झालां." एवढंच. त्या दिवशी ताटात बांगडा होता, तरी मामा म्हणाले, "बांगडो बरो आसा." मला भीती वाटली, की माझ्या हातून काही चुकलं का. पुढचे आठ दिवस तसेच. लोक बंदरावर थांबून विचारायचे, "मामांक बरां नाय काय?"

कायम झाल्याबरोबर माझी बदली देवगडला झाली. निघताना मावशीने दाराआड बोलावून सांगितलं, "गुरवान ऐकलां, झिला. तू पास झालंस तर रेसची भाषा सोडीन, असो नवस बोललो तो." ती पदराने डोळे टिपत म्हणाली, "वीस वर्सां थंय रवलो, पण घोड्यार एक आणो लावूक नाय. भित्रो तो. जल्मात लावल्यान ता तुज्यारच."

मामा बोटीपर्यंत आले. मी पाया पडलो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "सांभाळून जा."

देवगडहून मी त्यांना पत्रं लिहिली, मुद्दाम चुकीचे रेसचे शब्द घालून, ते दुरुस्त करतील म्हणून. एकदाच उत्तराचं कार्ड आलं. पाऊस बरा आहे, मावशी ठीक आहे, तू आमचा, आणि पुढचा शब्द शाईने गच्च खोडलेला. देवाचा धाक! मी ते कार्ड खिडकीतल्या उन्हात धरून पाहिलं. पहिलं अक्षर 'फे' असावं असं वाटतं. खात्री नाही. पुढचं अक्षर पाहायचा मी प्रयत्न केला नाही, नवस त्यांचा होता.