मागच्या चाकाची साक्ष

गेल्या मंगळवारी सकाळी आनंदनगरच्या वळणावर माझ्या बाबांच्या सायकलला एका कारने उडवलं. बाबा फर्स्ट शिफ्टला कंपनीत निघाले होते. उजवा पाय दोन ठिकाणी मोडलाय, बाकी सगळं ठीक आहे... आधीच सांगते, म्हणजे कोणी घाबरून फोन करू नका.

मला लिहायचंय ते त्यानंतरचं.

बुधवारी दुपारी हवालदार जबाब घ्यायला दवाखान्यात आले. बाबांशी पाच मिनिटं बोलले, भराभर पानभर लिहिलं आणि पेन बाबांच्या हातात दिलं. "काका, इथे सही करा."

बाबांनी लगेच पेन टेकवलं. बावीस वर्षं कंपनीत सुपरवायझर बोट ठेवेल तिथे त्यांनी सही केलीय... आधी वाचायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

"एक मिनिट, मी वाचते," मी म्हटलं.

हवालदार हसले. "वकील आहे का पोरगी?"

"बी.ए. झालीय," बाबा म्हणाले. पाय प्लास्टरमध्ये, तरी आवाजात तेवढा रुबाब होताच!

चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'मी मागेपुढे न बघता एकदम गाडीसमोर वळलो.' बाबा असं बोललेच नव्हते. ते म्हणाले होते, मी कडेने सरळ चाललो होतो, मागून धक्का बसला. कारवाल्याचा जबाब आदल्या दिवशीच झाला होता, त्याचंच वाक्य बाबांच्या तोंडी घातलं होतं. सही झाली असती तर चूक कायमची बाबांची ठरली असती.

मी सही करू दिली नाही. हवालदार चिडले नाहीत, कंटाळले. "ताई, साक्षीदार कोणी नाही. सायकल पण जागेवर नव्हती, पंचनाम्यात येणार कशी? मागून ठोकलं म्हणता ना, मग दाखवा. उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो."

सायकल जागेवर नव्हती, कारण ती आमच्याच मामाने उचलून नेली होती... बदलापूरहून टेम्पो घेऊन आला आणि आईच्या सांगण्यावरून थेट उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये दुरुस्तीला टाकून गेला. आईचं म्हणणं साधं होतं. बाबा घरी येतील तेव्हा सायकल दारात नीट उभी दिसली पाहिजे, मोडकी बघून माणूस खचतो.

मी आईवर ओरडले. "अगं, तोच पुरावा होता!"

"मला काय माहीत बाई," ती म्हणाली. "मी काय तुझ्यासारखी कॉलेजात गेले?"

गुरुवारी सकाळी कॅम्प दोनला पोचले, तर सायकल दुकानाबाहेर चकाचक उभी! नवीन मागचं चाक, नवीन मडगार्ड. मला रडूच कोसळलं.

दुकानवाले सिंधी काका बाबांच्या जुन्या ओळखीचे, सायकल त्यांच्याकडूनच घेतलेली. ते धावत बाहेर आले. "क्या हुआ बेटी? काम पसंद नहीं आया?"

"काका, जुनं चाक कुठंय? भंगारात दिलंत?"

"भंगार में? गिराक को दिखाए बिना?" काकांना रागच आला. "पुराना माल मैं गिराक के हाथ में देता हूँ. नहीं तो लोग बोलेंगे, अच्छा पार्ट निकालके हलका डाल दिया."

त्यांनी वर बोट दाखवलं. छताच्या हुकांना जुने रिम, पेडल, चेन लटकत होत्या आणि प्रत्येकाला सुतळीने नावाची चिठ्ठी बांधलेली. बाबांच्या नावाचं चाक तिसऱ्या हुकावर... पार आठाच्या आकड्यासारखं वाकलेलं. सोबत मडगार्ड, मागून चेपलेलं, आणि त्यावर बोटभर रुंद मरून रंगाचा पट्टा. बाबांची सायकल काळी आहे.

"पीछे से ठोका है," काका म्हणाले. "अगला चक्का देख, एक तार नहीं हिला. पुलिस को मैं खुद बोलेगा, चल." आणि शटर अर्धं ओढून ते खरंच निघाले. रिक्षात चाक मांडीवर घेऊन आम्ही दोघं!

चौकीच्या आवारात बाबांना उडवणारी कार उभीच होती, मरून रंगाची. हवालदारांनी काकांचं ऐकून घेतलं, मडगार्ड उलटसुलट करून बघितलं आणि कारच्या बंपरसमोर उकिडवे बसले. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर काळा ओरखडा होता. मडगार्ड त्या उंचीवर धरलं... चेपलेला भाग नेमका तिथेच बसला.

बसल्या जागेवरूनच त्यांनी आत आवाज दिला, "अरे, दोन पंच बोलवा. आणि कोरा कागद काढा."

संध्याकाळी ते परत दवाखान्यात आले. या वेळी बाबा सांगतील तसं, थांबत थांबत लिहिलं. लिहून झाल्यावर मी कागदाला हात घातला, तर बाबांनी माझा हात बाजूला सारला.

"चष्मा दे," म्हणाले.

बाबा चौथी शिकलेत. एकेका शब्दावर बोट ठेवत, पुटपुटत, त्यांनी अख्खं पान वाचलं. हवालदारांनी दोनदा घड्याळ बघितलं, मग खुर्ची ओढून बसले. 'मागून' या शब्दावर बाबांचं बोट थांबलं. "हां, बरोबर," म्हणाले, आणि सही केली.

कोर्टात पुढे काय होईल माहीत नाही... पण चूक बाबांच्या नावावर लागली नाही. चाक आता चौकीत जमा आहे, म्हणून काकांनी तिसऱ्या हुकावर नुसती चिठ्ठीच ठेवलीय, 'माल पुलिस के पास' असं लिहून. त्यांचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

काल कंपनीतला माणूस रजेचा फॉर्म घेऊन घरी आला. खाली बोट ठेवून म्हणाला, "इथे सही करा."

मी पुढे होणार, तेवढ्यात बाबांनी उशीखालून चष्मा काढला.