मिस्त्रींचा कान

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात एक ऑसिलोस्कोप होता, विजेचे चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र. वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. भावांपैकी कुणी त्यात पडलं नाही, ही पडली. दुकान मोडताना वडील म्हणाले, "हा तूच ने. दुसऱ्या कुणाकडे गेला तर त्यावर कपडे वाळत घालतील." सासूबाईंनी ते हिरव्या पडद्याचं धूड निरखून पाहिलं आणि विचारलं, "टीव्ही आणलास होय गं? मग नुसती रेघच का दिसते?"

तिने रेघेचा अर्थ सांगायला तोंड उघडलं, तोवर सासूबाई स्वयंपाकघरात पोचल्या होत्या.

घराला लागूनच नवऱ्याचं गॅरेज. त्याला सगळे मिस्त्री म्हणत, म्हणून ती सगळ्यांची वहिनी झाली. मिस्त्रीच्या हाताला वळण होतं, हे तिने पुढे सगळं घडून गेल्यावरही नाकारलं नाही. इंजिन खोलून पुन्हा जसंच्या तसं बसवावं तर त्यानेच. पण खोट कुठे आहे हे शोधण्यात त्याची पंचाईत व्हायची. 'मिसिंग' मारणारी गाडी आली, म्हणजे चारातला एखादा सिलिंडर नीट पेटत नसल्याने आचके देणारी, की तो आधी प्लग बदलायचा, मग कॉइल, मग वायरी, आणि मग डोकं धरून स्टुलावर बसायचा.

असाच तो एका टॅक्सीपुढे बसलेला असताना ती चहा घेऊन आली. "एक करून बघू का?" तिने विचारलं. टॅक्सीवाला जेवायला गेला होता, त्यामुळे मिस्त्रीने "बघ" म्हटलं.

तिने कपडे वाळत घालायच्या चिमट्याला तांब्याची पट्टी चिकटवली, तिला वायर जोडली आणि तो चिमटा पहिल्या प्लगच्या वायरीवर लावला. मोडक्या खेळण्यातल्या भोंग्याची पितळी चकती एका रबरी नळीच्या तोंडाशी बसवली आणि नळीचं दुसरं टोक गाडीच्या सायलेन्सरमध्ये सरकवलं. धुराचा प्रत्येक धक्का चकतीवर आदळला की पडद्यावर एक उंचवटा उठायचा. तीन उंचवटे, मग खड्डा. तीन उंचवटे, मग खड्डा. चिमट्यामुळे पहिला कोणता ते कळत होतं. तिथून मोजलं की खड्डा कोणाचा तेही कळलं.

"तिसरा," ती म्हणाली. "ठिणगी चांगली आहे, ती मी पाहिली. स्टार्टर फिरवताना तिसऱ्याचा जोर कमी पडतोय. म्हणजे आत दाब धरत नाही. वॉल्व्ह जळला असेल."

टॅक्सीवाला परतला तेव्हा ऑसिलोस्कोप मागच्या खोलीत होता. मिस्त्रीने लांब पेचकस इंजिनावर टेकवला, त्याच्या मुठीला कान लावला, डोळे मिटले. गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तिसरा. वॉल्व्ह जळलाय." खोलून पाहिलं तर तसंच निघालं. टॅक्सीवाल्याने ते स्टँडभर केलं.

त्या दुपारी दोघं पोट धरून हसली. "डोळे कशाला मिटलेत हो?" तिने विचारलं. "अगं, ते सुचलं आयत्या वेळी," तो म्हणाला. त्या वर्षांत ती खरोखर सुखात होती. मागच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून तिने वायरी गॅरेजमध्ये काढल्या. नवेनवे सेन्सर बनवले: फुटक्या चुंबकाच्या कड्यात चिप बसवून वायरीतला करंट मोजणारा, जुन्या घड्याळाच्या डबीतला, औषधाच्या बाटलीच्या झाकणातला. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याला पाणी पाजायच्या निमित्ताने बाहेर बसवायचा, ती रेघ वाचायची आणि दाराआडून हळूच सांगायची. मग पेचकस, कान, मिटलेले डोळे. लांबलांबच्या गाड्या यायला लागल्या. 'कानवाले मिस्त्री' म्हणून पत्ता विचारला तर रस्त्यावरचं पोरसुद्धा बोट दाखवी.

एकदा तिने म्हटलं, "आता सांगून टाकू या का? मी मशीनवर बघते म्हणून."

"कशाला उगाच? चाललंय ते काय वाईट चाललंय?"

मेकॅनिक लोकांच्या संघटनेने त्याचा सत्कार केला तेव्हा ती बायकांच्या रांगेत सासूबाईंशेजारी बसली होती. तो माइकसमोर उभा राहिला. म्हणाला, "लहानपणापासून मला आवाजाची जाण आहे. इंजिन माझ्याशी बोलतं." टाळ्या वाजल्या. सासूबाई तिच्याकडे झुकून म्हणाल्या, "आमच्या घराण्यातच आहे ते. याच्या आजोबांनाही लांबचं ऐकू यायचं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. निदान तिच्या दिशेने बघून एक मिश्कील हसू तरी येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं. हा माणूस थट्टा करत नव्हता. त्याचा स्वतःचाच विश्वास बसला होता.

त्यानंतर तो दाराआड येईनासा झाला. "साधी गाडी आहे, मीच सांगतो," म्हणायचा. कधी बरोबर यायचं, कधी नाही; नाही आलं की एखादा जास्तीचा भाग बदलून वेळ निभावून न्यायचा.

मग पाववाल्याची व्हॅन आली. हा माणूस बेकरीतून पाव उचलून दुकानादुकानांत पोचवायचा. व्हॅन त्याची स्वतःची, जुनी, पण पुसून लख्ख ठेवलेली. गाडी आचके देत होती. मिस्त्रीने पेचकस लावला, डोळे मिटले. "वॉल्व्ह. हेड उतरवावं लागेल."

ती दारातून म्हणाली, "एकदा चिमटा लावून बघू द्या ना मला."

"तू घरातलं बघ," तो तिच्याकडे न वळताच म्हणाला.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवताना एक जुना बोल्ट आतच तुटला. तो काढायला त्याने घाई केली, जोर केला, आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यालाच, तडा गेला. वॉल्व्ह मात्र सगळे ठणठणीत निघाले. त्याने बाजूला काढून ठेवलेले, इंधन फवारणारे चारही इंजेक्टर तिने गुपचूप मागे नेले आणि एकेक जोडून पाहिला. इंजेक्टरची सुई उचलली की करंटच्या चढत्या रेघेत एक बारीक खाच पडते. तिन्हींमध्ये ती पडत होती. चौथ्याची रेघ सरळ वर जात होती; सुई अडकून बसली होती. एवढा एक भाग बदलला असता तर व्हॅन कधीच पाव घेऊन गेली असती.

पाववाला आला आणि ब्लॉककडे पाहून मटकन खालीच बसला. "मिस्त्री, हे काय हो झालं?"

मिस्त्रीने हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाला, "काय सांगू तुला. आमच्या हिला वायरी लावायचा नाद आहे. मी नसताना काहीतरी जोडलंन, आणि त्यात सगळा घोळ झाला."

ती मागच्या खोलीच्या दारातच उभी होती. इतक्या वर्षांत त्याने तिच्या यंत्राचं नाव परक्या माणसापुढे पहिल्यांदाच काढलं होतं.

"मी हात लावला नाही तुमच्या गाडीला," ती पुढे येऊन पाववाल्याला म्हणाली. "लावू दिला असता तर ही वेळ आली नसती. या आत, दाखवते." तो आला. तिने चारही इंजेक्टर त्याच्यासमोर पुन्हा जोडले, खाच दाखवली, चौथ्याची सरळ रेघ दाखवली. आवाज स्थिर ठेवून सगळं नीट सांगितलं. टॅक्सीपासूनचंही सांगितलं.

पाववाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचे डोळे भरले होते. "वहिनी, मला यातलं काय कळतं? पण एवढं कळतं की मिस्त्रींचा कान अख्ख्या गावाला माहीत आहे. तुम्ही आपली चूक त्यांच्यावर ढकलू नका हो."

तिने ऑसिलोस्कोप बंद केला. त्या कानाला मोठं करणारी तीच होती, आणि तिने ते काम इतकं चोख केलं होतं की आता तिच्या शब्दाला त्यात शिरायला फट उरली नव्हती.

व्हॅन भंगारात गेली. पाववाला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला.

तिने भिंतीतल्या वायरी ओढून काढल्या आणि भोक बुजवलं. वॉशिंग मशीन आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात तिला काम मिळालं. ऑसिलोस्कोप ती तिथे घेऊन गेली. दुकानाची मालकीण तोंडाने फटकळ होती, पण गिऱ्हाइकाला सरळ सांगायची, "यांनी शोधलंय, यांनाच विचारा." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा ती पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

घर सोडलं नाही तिने. सोडून जायचं कुठे, हा प्रश्न होताच. शिवाय सासूबाई आता अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांना हिच्याच हाताने जेवायचं असे. नवऱ्याशी बोलणं उरलं ते दूध, गॅस आणि औषधांपुरतं. गॅरेज चालत होतं. मिस्त्रीचं चुकलं की लोक म्हणत, हल्लीची इंजिनंच तसली.

एका सकाळी ती डबा भरत असताना तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. संघटनेच्या अध्यक्षाची गाडी आली होती. मिसिंग सापडत नव्हतं.

"एकदा बघतेस का?" तो म्हणाला. "दुपारी तो जेवायला जाईल. कुणाला कळणार नाही."

"अध्यक्ष समोर उभे असतील तर बघते," ती म्हणाली. "मशीन मी दुकानातून आणीन, पण ते गॅरेजमध्ये, गाडीशेजारी राहील. आणि काय निघालं ते मी सांगणार."

तो दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिला. तिने डब्याचं झाकण लावलं आणि वाट पाहिली. खरंच पाहिली, त्या क्षणी त्याने नुसतं "चल" म्हटलं असतं तर ती कामाला खाडा करून गेली असती.

"तू पण ना," तो म्हणाला, "कुठलीही गोष्ट ताणतेस." आणि चपला घालून गॅरेजकडे गेला.

ती बाहेर पडली तेव्हा गॅरेजसमोर चार माणसं उभी होती. मधोमध मिस्त्री वाकला होता, पेचकसाला कान लावून, डोळे मिटून. गाडी आचके देत होती. तिला चालता चालता नुसत्या आवाजावरूनच कळलं की एकच सिलिंडर सुटतोय आणि ठराविक वेळाने सुटतोय. ती थांबली नाही.